तोफूच्या दुकानासमोरचा खड्डा

४ जानेवारी

वस्तीप्रमुख झाल्यापासून पहिली खरीखुरी तक्रार आज आली, म्हणून आजपासून लिहायला घेतलं. रोज जमेलच असं नाही.

सकाळी शटर अर्धं वर गेलं नव्हतं, तोच खालून आ-जेनचे रबरी बूट दिसले. तोफूवाली आ-जेन माझी शाळेपासूनची मैत्रीण. प्रचारात माझ्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडली, त्यामुळे आता माझ्यावर पहिला हक्क तिचाच.

"माझ्या दुकानापुढं खड्डा पडलाय," ती म्हणाली. "काल एक बाई स्कूटरवरून आपटली. बाईला काही झालं नाही, पण तोफूचा पार भुगा. तो मी फुकट बदलून दिला. आता हे रोज चालायचं का?"

"अगं, मला शपथ घेऊन किती दिवस झाले?"

"मग काय मुहूर्त बघणार आहेस?"

तशीच निघाले. बाजारगल्लीच्या ऐन मध्यावर सुपाएवढा खड्डा. फोटो काढला. मोबाइलवरून पालिकेला तो कसा पाठवायचा हे लेकीनं ताइपेइहून फोनवर शिकवलं. "आई, शेजारी चप्पल काय ठेवलीस? मापाची टेप ठेव की. शिंपीण ना तू?" ठेवली. मी टेप पसरून रस्त्यात वाकले होते, नेमके तेव्हाच श्याव काका आले.

श्याव काका म्हणजे माझ्या आधीचे प्रमुख. मला आठवतं तेव्हापासून तेच होते. या खेपेला मी उभी राहिले आणि अगदी काठावर निवडून आले. पंच्याहत्तरी उलटली, कान गेले, पण पाठ ताठ आहे आणि भूमिदेवाच्या देवळाचा कारभार अजून त्यांच्याकडेच आहे. खड्ड्याच्या कडेला त्यांनी काठीनं टकटक केलं, "हं" म्हणाले आणि चालू लागले.

घरी येऊन आ-कुनला सांगितलं, "हसले मला."

नवरा स्कूटरच्या चाकातून डोकं न काढता म्हणाला, "त्यांना पुढचे दात नाहीत. ते कायमच हसल्यासारखे दिसतात."

आमच्या पुढच्या खोलीत अर्ध्या भागात त्याचं गॅरेज, अर्ध्यात माझं शिलाईचं दुकान. आता शिलाईयंत्रावर सरकारी शिक्के ठेवलेत. मी निवडणुकीला उभी राहते म्हटल्यावर तो एकदाच बोलला होता, "कशाला नसती उठाठेव." त्यानं मला मत दिलं की नाही हे मी विचारलेलं नाही. उत्तर काय येईल याची थोडी धास्ती वाटते.

१० जानेवारी

भरला! सकाळी पालिकेची गाडी आली, दोघांनी डांबर ओतून धुमसानं चोपलं, चहासुद्धा न घेता गेले. मी उगीचच चार वेळा त्यावरून चालून आले. आ-जेननं गरम सोयादूध पाजलं. श्याव काका पुन्हा येऊन काठी आपटून गेले. यांना दुसरा उद्योग नाही का? रोज सकाळी आमच्या दारातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पेपर वाचतात. स्वतःच्या दारात उजेड पडत नाही वाटतं. माझ्यावर पाळत ठेवतात, दुसरं काय.

१८ जानेवारी

खड्डा खचला. भरलेलं डांबर तसंच्या तसं बशीसारखं खाली बसलंय. आमचं चांद्र नवं वर्ष तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नाही, आणि जो तो मला थांबवून खड्डा दाखवतो, जणू मला दिसतच नाही. पुन्हा टेप, पुन्हा फोटो.

पण बातमी गोड आहे. आ-जेनच्या थोरल्याचं लग्न ठरलं! चाळिशी उलटून गेलेला, दिवसभर तोफू कापणारा, बाईमाणूस समोर आलं की मान खाली घालणारा पोरगा. मुलगी पिंगतुंगची, तिथं रोपवाटिकेत काम करते. मुहूर्त मार्चमधल्या दुसऱ्या शनिवारचा निघालाय. आ-जेन म्हणाली, "हॉटेलात नाही करायचं. माझ्या दारात, रस्त्यावर मांडव घालून पंगत उठवायची, माझ्या सासूनं माझ्यासाठी केली तशी. परवाना तू काढ."

"काढते," म्हटलं. प्रमुख होऊन करायचं तरी काय, याचं उत्तर मला आज मिळालं.

६ फेब्रुवारी

नव्या वर्षाची सुट्टी संपल्यावर परवान्याच्या मागे लागले. रस्ता अडवायचा तर गल्लीचा नकाशा हवा, दोन्ही बाजूंच्या घरांची संमती हवी, अग्निशमनाची गाडी जाईल एवढी वाट मोकळी हवी, पोलीस चौकीची सही हवी. नकाशा मी शिलाईच्या खडूनं कापडावर काढून मग कागदावर उतरवला. मांडव इथं, आचाऱ्याच्या भट्ट्या आणि वाफेची भांडी इथं, आ-जेनच्या दुकानापुढं, म्हणजे पाण्याचा नळ जवळ.

संमतीला सगळे हो म्हणाले, फक्त घड्याळवाला अडून बसला. मागं कुणाच्या तरी पंगतीत त्याला शेवटच्या टेबलावर बसवलं होतं म्हणे. "या वेळी स्टेजजवळ बसवते," म्हटलं. सही झाली.

खड्डा दुसऱ्यांदा भरून गेले.

१५ फेब्रुवारी

परवाना मिळाला. लाल शिक्का, खाली अर्जदार म्हणून माझं नाव. लाय श्यु-मान. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांच्या बाह्या-घेर कमी केले, सरकारी कागदावर नाव पहिल्यांदाच. आ-कुनला दाखवला. हात पुसून, दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचला आणि म्हणाला, "नावातलं अक्षर बरोबर लिहिलंय." बस्स, एवढंच.

प्रभाग कार्यालयातल्या फांगबाईंनी मात्र एक विचित्र गोष्ट सांगितली. "तुमच्या त्या खड्ड्यासाठी एक गृहस्थ रोज सकाळी फोन करतात हो. नाव सांगत नाहीत. फार नम्र. म्हणतात, आमच्या प्रमुखबाई जिवाचं रान करतायत, त्यांना बोल लावू नका, पण खड्ड्याचं बघा."

मला घाम फुटला. रोज तक्रार गेली म्हणजे माझ्याच वस्तीच्या नावापुढं रोज एक काळी रेघ. आणि वर हा खोचकपणा, 'जिवाचं रान करतायत'! मी ओळखलं. हे श्याव काकांचंच काम.

घरी येऊन तडतडले तेव्हा आ-कुन नट शोधत होता. तो बराच वेळ टेबलाखालीच राहिला. "श्याव काका नसतील गं," तो खालून म्हणाला. हा सगळ्यांनाच चांगलं समजतो.

२२ फेब्रुवारी

राहवलं नाही. स्टुलावर पेपर वाचत बसलेल्या श्याव काकांना गाठलं. "रोज फोन करून माझी लाज काढताय ना?"

"कोण?"

"तुम्ही!"

"फोन? मी?" ते खदखदून हसले. दात नाहीत, पण या वेळी नक्की हसत होते. "अगं पोरी, फोनवर मला मुंग्या चालल्यासारखं ऐकू येतं. सून म्हणते जेवायला या, मला वाटतं मेलं कोण." मग काठीनं रस्त्याकडं दाखवत म्हणाले, "तुझा खड्डा मात्र बरा दिसत नाही मला. काठी मारली की हाताला भरीव लागत नाही."

म्हणजे माझं काम कच्चं, असंच ना? मी आत निघून आले. मागून आ-कुननं त्यांना चहा दिला. घरभेदी.

२ मार्च

पुन्हा खचला. आज मी गुडघ्यावर बसून आत हात घातला. माती ओली, थंड, चिखल म्हणावी अशी. महिनाभर थेंब पडलेला नाही.

रस्ते खात्याचे च्यू साहेब आले. तरुण आहेत, माझ्या लेकीच्या वयाचे. त्यांनीही हात घातला, बोटं चोळून पाहिली. "पाणी आहे, बाई. पण कुठलं? नकाशात इथं खाली पाइपच नाही." खणून बघा म्हटलं तर कसनुसं तोंड केलं. रस्ता नुकताच नवा केलेला, आणि नव्या रस्त्याला काही वर्षं कुदळ लावायची नाही असा नियम. तातडीचं काम म्हणून परवाना निघतो, पण त्याला कारण दाखवता आलं पाहिजे. "नुसता खड्डा पडतो एवढ्यावर वरचे सही करणार नाहीत. अर्ज टाकतो मी. पण काही तरी ठोस मिळालं तर लगेच कळवा."

खणायचा परवाना निघाला आणि तारीख नेमकी लग्नाची आली तर? हा विचार मनात आला आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, पंगत होऊन जाऊ दे, मग काय खणायचं ते खणा. असं वाटलं हे इथं लिहून ठेवते, कुठं बोलणार नाही.

१० मार्च, शुक्रवार

आजचं सगळं लिहून ठेवणार आहे.

दुपारी मांडववाले आले. लोखंडी खांब उभे राहिले, वर लाल-निळ्या पट्ट्यांचं कापड चढलं. गल्लीला रंग आला. आ-जेन नवा ब्लाउज घालून उगीच सगळ्यांना रागावत होती. गल्लीच्या तोंडाशी आचारी आ-हायचा ट्रक उभा होता. त्यात भट्ट्या, माणूसभर उंचीची वाफेची भांडी, गॅसच्या टाक्या.

मी खड्ड्यापाशी उभी होते. त्याच्या बाजूलाच मांडवाचा एक पाय टेकवलेला. कापड तिरकं दिसतंय म्हणून मी मांडववाल्याला हाक मारली. त्यानं पाचर ठोकून सरळ केलं. मी वळून चार शब्द बोलले असेन, परत बघते तर पुन्हा तिरकं. खाली वाकले. खांबाचा पाय डांबरात रुतत होता. झटक्यानं नाही, मऊ पिठात काडी जावी तसा, माझ्या डोळ्यांदेखत. आणि बाजूचा, कधीही न खणलेला रस्तासुद्धा त्याच्याबरोबर खाली झुकला होता.

ट्रक मागे घेण्यासाठी भोंगा वाजायला लागला.

मी ट्रकच्या मागे जाऊन दोन्ही हात वर केले. "थांबा! इथं काही उतरवायचं नाही. मांडव काढा."

आधी सगळ्यांना वाटलं मी थट्टा करते. मग आ-जेन आली. "काय काढा?"

"आ-जेन, खाली जमीन पोकळ आहे. उद्या त्या भट्ट्या, उकळतं पाणी, वाढणाऱ्या बायका, सगळं यावर उभं राहणार आहे."

"परवाना आहे ना आपल्याकडं?"

"आहे. माझ्याच नावावर आहे. मीच परत घेतेय."

ती माझ्या अगदी पुढ्यात आली. मग सुटली. "उद्या मुहूर्त आहे! पिंगतुंगहून बसभर माणसं येणार. माझ्या पोराचं लग्न जमता जमता माझे केस पिकले, आणि तू एका खड्ड्यासाठी..." आणि मग सगळ्या बाजारासमोर, "श्याव प्रमुख असते तर हे झालं नसतं!"

मी मोबाइल काढला. च्यू साहेबांना खांबाचा फोटो पाठवला. मग एकच जागा डोळ्यासमोर आली जिथं एवढी टेबलं मावतील. देवळाचं अंगण. आणि किल्ल्या कुणाकडं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

श्याव काका देवळाच्या ओट्यावर मित्रांबरोबर बुद्धिबळ मांडून बसले होते. मी धापा टाकत म्हटलं, "काका, देवळाचं अंगण हवंय!"

त्यांनी कानाला हात लावला. "भांडण? कुणाशी?"

"भांडण नाही, अंगण! उद्याच्या पंगतीला!"

"जरा मोठ्यानं बोल पोरी."

"मला! तुमची! मदत! हवी!"

छपरावरची कबुतरं उडाली. भाजीवाल्या बायका हातातली जुडी तशीच धरून बघत राहिल्या. समोर बसलेला म्हातारा सोंगटी सरकवत पुटपुटला, "किल्ल्या आहेत का जवळ?" आणि श्याव काका मान न वळवता म्हणाले, "खिशात." मग सावकाश उठले. मोठी गंमत आहे त्यांच्या कानांची, कधी ऐकू येतं, कधी नाही. वय झालं की असंच होत असेल.

त्यानंतर काय झालं ते मी नीट सांगूच शकत नाही. त्यांनी काठी उगारून दोन हाका मारल्या आणि अख्खी गल्ली कामाला लागली. गोल टेबलांचे पाट उभे करून माणसं चाकासारखे गडगडवत देवळाकडे नेत होती. घड्याळवाला स्टेजचा एक कोपरा धरून. आ-कुननं गॅरेज बंद करून स्कूटरला हातगाडी जोडली आणि गॅसच्या टाक्या वाहिल्या. दिवसाढवळ्या त्यानं शटर ओढलेलं मी आमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. आचारी आ-हाय एवढंच म्हणाला, "मला उतार नसलेली जागा द्या आणि नळ द्या. बाकी देव आहे की समोर."

च्यू साहेब आले, लोखंडी गज ठोकत गल्लीभर फिरले, चेहरा पडला. उजेड आहे तोवर दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून रस्ता बंद केला. आ-जेनच्या दुकानासकट.

ती माझ्याकडं पाठ करून देवळाकडं निघून गेली.

११ मार्च

पंगत झाली. काय झाली! थंड पदार्थांच्या ताटापासून शेवटच्या गोड सूपपर्यंत आ-हायनं एकही पदार्थ थंड होऊ दिला नाही, म्हणजे जे गरम द्यायचे ते. नवरी काळीसावळी, धीट, हसरी. नवरदेवाला तिनंच हाताला धरून टेबलाटेबलावर फिरवलं, आणि तो मान वर करून चालत होता. आ-जेन रडली, हसली, सगळ्यांशी बोलली. माझ्या टेबलापाशी आली तेव्हा नेमकं तिला दुसरीकडं कुणी तरी हाक मारली.

श्याव काका भाषणाला उभे राहिले तेव्हा मी काट्यावर बसल्यासारखी होते. आता सगळ्यांसमोर टोमणा येणार. ते म्हणाले, "जागा प्रमुखबाईंनी बदलली. देवाला आवडलं. जेवा." आणि बसले.

आ-कुननं माझ्या वाटीत माशाचा गालाकडचा तुकडा घातला. त्याला स्वतःला तो फार आवडतो. बहुतेक पोट भरलं असावं.

१४ मार्च

तातडीचा परवाना सोमवारीच निघाला, आज खणलं. यंत्रानं वरचं डांबर उचललं आणि खाली माती नव्हती. काळोख होता. च्यू साहेबांनी दोरीनं दिवा सोडला. त्या पोकळीत आ-हायचा ट्रक नाही, पण त्याच्या सगळ्या भट्ट्या माणसांसकट मावल्या असत्या. खाली विटांचा जुना नाला निघाला, कुठल्याच नकाशात नसलेला, एका बाजूनं ढासळलेला, आणि त्यातून पाणी वर्षानुवर्षं माती घेऊन जात होतं.

अख्खी गल्ली पत्र्यापाशी जमली होती. आ-हाय सपाता घालून बघायला आला होता. बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला, मग सिगरेट न पेटवताच परत खिशात ठेवून गेला. पत्र्यापलीकडं आ-जेन उभी होती. मी पाहिलं तशी ती आत गेली. मी तिच्यावर रागावलेली नाही. पण जाऊन तसं सांगायचं कसं, हे मला सुचत नाही. आणि मी बरोबर होते याचा मला आनंद होतोय, त्याचीही लाज वाटते.

२३ मार्च

नाला नवा बांधला, माती भरणं चालू आहे. धूळ सगळीकडं, माझ्या शिलाईच्या कपड्यांवरसुद्धा. तरी मन हलकं आहे. लोक आता खड्डा सोडून बाकी सगळं सांगायला येतात. दिवे, कुत्री, शेजाऱ्याचा टपकणारा एसी.

फांगबाई म्हणाल्या, "त्या गृहस्थांचा शेवटचा फोन आला हो. आभार मानले. मागं फुस्स-फुस्स हवा भरल्याचा आवाज येत होता, नीट ऐकूच येईना." म्हणजे कुणी गॅरेजवाला असणार. मी श्याव काकांवर उगीच आळ घेतला. आ-कुनला म्हटलं, "तुझ्या धंद्यातले सगळे तुला ठाऊक आहेत, जरा शोध की कोण ते. मला त्याला जेवायला बोलवायचंय."

"बघतो," म्हणाला, आणि कॉम्प्रेसर चालू केला.

२ एप्रिल

आज दुपारी पत्रे निघाले. रस्ता काळाभोर, गुळगुळीत, अजून डांबराचा वास येतोय. समारंभ काही नाही. च्यू साहेबांनी माझी सही घेतली आणि दुसऱ्या कामावर गेले.

पण एवढ्यावर कुणाचा विश्वास बसतोय? पायी गेलं, स्कूटरनं गेलं, पण जड काही गेलं नव्हतं. संध्याकाळी लांबून कचरागाडीचं गाणं ऐकू आलं. नेहमीसारखी अख्खी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर उभी, पण आज कुणी गप्पा मारत नव्हतं. ती पिवळी गाडी म्हणजे आमच्या गल्लीत येणारं सगळ्यांत जड धूड. गाणं वाजवत वळली, आ-जेनच्या दुकानाकडं आली. पुढची चाकं त्या जागेवर चढली. श्याव काकांनी काठी जमिनीला टेकवून घट्ट धरली. मी श्वास रोखला. मागची चाकं चढली.

काहीही झालं नाही. गाडी थांबली, लोकांनी पिशव्या टाकल्या, गाडी पुढे निघाली. मी त्या रस्त्याकडं बघतच उभी. इतकं छान काहीच-न-होणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"अगं ए प्रमुखबाई!" पलीकडून आ-जेन ओरडली. "तुझा कचरा!"

पाहिलं तर दोन्ही पिशव्या माझ्याच हातात. गाडी कोपऱ्यावर पोचलेली. "पळ की बये! तीन दिवसांची माशाची घाण घरात ठेवणार आहेस का?" आणि माझी वाट न बघता तिनंच एक पिशवी माझ्या हातातून हिसकावली आणि रबरी बुटांनिशी धावत सुटली. मी तिच्या मागे. अख्खी गल्ली हसत होती. बायका ओरडून गाडीवाल्याला थांबवत होत्या, आ-कुन मध्येच टाळ्या वाजवत होता. पुढच्या चौकात गाडी गाठली. पिशव्या फेकल्या आणि दोघी विजेच्या खांबाला टेकून धापा टाकत राहिलो, एकमेकींकडं न बघता.

मग आ-जेन म्हणाली, "उद्या सकाळी ये. सून सोयादूध उकळायला शिकलीय. रोज करपवते. पण पिऊन छान म्हण."